गावातली महायुद्धाची पाटी कशी वाचावी आणि तिच्यावर नसलेली नावं कशी शोधावीत

सातारा, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत एक पांढरी संगमरवरी पाटी असते. जुन्या चावडीच्या भिंतीत, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर देवळाच्या बाहेरच्या अंगाला. इंग्रजीत चार-पाच ओळी. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच: या गावातून अमुक माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. आकडे तेवढे बदलतात. नाव सहसा एकही नसतं.

मी सातारा जिल्ह्यात तलाठी होते. (आता या पदाला ग्राममहसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावाला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.) त्यामुळे मी या पाटीकडे इतिहास म्हणून कमी आणि नोंद म्हणून जास्त बघते, आणि नोंद म्हणून ती कच्ची आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाऐवजी कुणी 'इसम ३' एवढंच लिहून आणलं तर मंडल अधिकारी ती नोंद मंजूर करेल का? ती पुरी कशी करायची, ते इथे सांगते. काम किचकट आहे, अवघड नाही.

नावाने किती फरक पडतो ते आधी बघा. भीमेकाठचा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून कंपनी सरकारने १८२१ मध्ये त्याची पायाभरणी केली. बांधणाऱ्यांच्या डोक्यात कंपनीचा रुबाब होता, दुसरं काही नाही. पण त्यावर ४९ नावं कोरली गेली आणि त्यांतली २२ 'नाक' ने संपणारी निघाली, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. आज दर वर्षी लाखो लोक जातात, ते काही कंपनीच्या फत्तेसाठी नव्हे. नावं होती म्हणून लोकांना त्या दगडात आपली माणसं दिसली.

दिल्लीचं इंडिया गेट १२ फेब्रुवारी १९३१ ला लॉर्ड आयर्विनने खुलं केलं. सत्तर हजारांहून जास्त हिंदी सैनिकांचं हे स्मारक, कोरलेली नावं तेरा हजारांच्या वर. स्वातंत्र्यानंतर आपण त्याला कसं कसं वळवलं बघा. समोरच्या छत्रीतला पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये काढून कॉरोनेशन पार्कात नेऊन ठेवला. बांगलादेशच्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ ला कमानीखाली अमर जवान ज्योत पेटली आणि कमान एकाएकी आपली झाली. २०१९ मध्ये शेजारी राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, २१ जानेवारी २०२२ ला ज्योत तिथल्या ज्योतीत विलीन केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रिकाम्या छत्रीत नेताजींचा पुतळा बसला. म्हणजे इंग्रजांच्या फौजेत मेलेल्यांची कमान आणि तिच्यासमोर इंग्रजांवर फौज घेऊन चालून गेलेला माणूस. दोघेही आपले म्हणायचे तर म्हणता येतं, पण त्यासाठी जरा विचार करावा लागतो.

गावच्या पाटीच्या वाट्याला एवढा मान आला नाही, आणि एवढी उचलाउचलही नाही. तिच्यावर दिवाळीला चुन्याचा हात फिरला एवढंच.

पाटीला हात लावण्याआधी

पहिलं काम फोटो. आहे तशी पाटी, जाळ्याजळमटांसकट, आणि ती ज्या भिंतीत आहे ती अख्खी भिंत. चावडी पाडायला काढली की ठेकेदार पाटीसकट राडारोडा उचलतो, आणि मग 'इथं पाटी होती' हे सांगायला एखादा म्हातारा उरतो. फोटो असला तर निदान भांडता येतं.

अक्षरं झिजली असतील तर दिवसा डोळे ताणून उपयोग नाही. रात्री जा. मोबाईलचा टॉर्च पाटीच्या समोर धरू नका. भिंतीला जवळजवळ चिकटवून एका कडेने धरा. उजेड आडवा गेला की कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते आणि दिवसा कोरा दिसणारा दगड घडाघडा वाचता येतो. कडा बदलत जा: डावी, उजवी, वरची. प्रत्येक वेळी एक फोटो. इंग्रजी तीन आणि आठ यांतला गोंधळ इथेच सुटतो. काही पाट्यांत अक्षरांत शिसं भरलेलं होतं. ते गळून पडलं असेल तर खाली शिसं धरून ठेवणारी बारीक छिद्रं दिसतात आणि त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं.

साफ करायची तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. चुन्याचे थर ओल्या फडक्याने भिजवून बांबूच्या कामटीने हळूहळू काढायचे. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको. संगमरवर ॲसिडने विरघळतो. फरशी पुसायच्या बाटलीतलं ॲसिड पाच मिनिटांत शंभर वर्षांचं काम उरकतं. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशीचा उत्साह. कुणीतरी ऑइलपेंटचा डबा आणतो आणि अक्षरं काळी करतो. हौसेने रंगवणाऱ्याला इंग्रजी येत असेलच असं नाही. एका ठिकाणी सहाचा आकडा रंगवताना शून्य झाला होता. म्हणजे गावातलं कुणी मेलंच नाही.

आकडा खरा धरू नका, खोटाही धरू नका

पाटीवरचा आकडा आणि तुम्ही शोधलेली नावं जुळणार नाहीत. ते आधीच मनाशी धरून चला, नाहीतर मध्येच सोडून द्याल.

त्या वेळचं 'गाव' आणि आजची ग्रामपंचायत एक नव्हे. तेव्हा मूळ गावात मोजलेल्या वाड्या पुढे वेगळ्या झाल्या. त्यांची माणसं पाटीत आहेत, तुमच्या यादीत नसतील. उलट मुंबईला गिरणीत कामाला गेलेला पोरगा तिथूनच भरती झाला असेल तर तो पाटीत नसेल, पण घरच्यांना तो चांगला ठाऊक असतो. शिवाय पाटी १९१९ ला थांबते. इकडची पुष्कळ माणसं इराकमध्ये लढली, आणि तिथलं मरण तेव्हा थांबलं नव्हतं. इराकच्या बसरा बंदरातल्या स्मारकात (त्याबद्दल पुढे सांगते) ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंतचे मृत्यू धरले आहेत.

जिल्ह्याचं नावही तपासा. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते, तेव्हा सांगलीकरांनी आपला माणूस 'सातारा' खाली शोधायचा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्याआधी रत्नागिरी. रायगड म्हणजे कुलाबा. आणि फलटण, औंध, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं; तिथल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव असू शकतं.

घरोघरी

दप्तराआधी घरं. आणि सगळ्या आळ्यांतली घरं. पाटलाच्या वाड्यावर एक चहा घेऊन यादी झाली असं समजू नका. महारवाडा, मांगवाडा, रामोशी वस्ती, मुसलमानांची घरं, सगळीकडे जा. महारांची लष्करभरती सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला बंद केली होती. युद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. त्या पलटणीतल्या माणसाच्या घरी या गोष्टीचा राग अजून जिवंत असतो, त्यामुळे आठवणीही जिवंत असतात.

विचारताना 'पहिलं महायुद्ध' म्हणू नका. 'तुमच्यातलं कोण बसऱ्याला गेलं होतं का?' असं विचारा. आमच्या भागात लढाई म्हणजे बसरा. जर्मनी-फ्रान्स कुणाच्या तोंडात नाही.

पदक निघालं तर समोरची बाजू बघून टाळ्या वाजवू नका, कड बघा. रुपयाच्या नाण्यावर जिथे खाचा असतात, त्या जागी पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं पदक असेल तर ते राखलेलं असेलच असं नाही. दुष्काळात चांदी आधी जाते. ब्राँझचं राहतं, कारण सोनार ते घेत नाही.

आणि मेलेल्यांच्या घरी एक थाळी असू शकते. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची, ब्राँझची. तिच्यावर हातात त्रिशूळ धरलेली बाई, पायाशी सिंह, आणि उजवीकडे एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, साहेब असो की शिपाई, नुसतं नाव. साम्राज्यातल्या सगळ्या मृतांच्या घरी ही थाळी पाठवायची असं ठरलं होतं आणि तेरा लाखांहून जास्त थाळ्या निघाल्या. कडेने लिहिलेलं असतं: तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाचं स्वातंत्र्य ते लिहिलेलं नाही.

माण तालुक्यातल्या एका घरी मी ही थाळी बघितली तेव्हा ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. घासून घासून सिंहाचं तोंड गुळगुळीत झालेलं, बाईचा त्रिशूळ म्हणजे एक रेघ. नावाची चौकट मात्र खोलगट असल्यामुळे शाबूत. आजी म्हणाल्या, "आमच्या आजेसासऱ्याच्या थोरल्या भावाची हाय ती. सरकारनं धाडली व्हती." मी नाव वाचून दाखवलं, कडेचा मजकूर सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पैकं किती दिलं, ते लिवलंय का त्यात?" नव्हतं लिहिलेलं. फोटो काढा, नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्या, आणि थाळी घरातच राहू द्या. 'गावच्या संग्रहालयासाठी द्या' असा आग्रह धरू नका.

इंटरनेटवर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही साम्राज्याच्या फौजांतल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर मृतांचा शोध फुकट घेता येतो. पहिलं महायुद्ध निवडा, सैन्य 'इंडियन' निवडा, आणि आडनावाच्या मागे लागण्याआधी जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव टाका. तिथे पुष्कळदा 'अमुकचा मुलगा, गाव अमुक, सातारा' असं लिहिलेलं असतं. हाच रकाना आपल्या कामाचा.

स्पेलिंगचा भरवसा धरू नका. भरतीच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. शिंदे एचशिवाय 'सिंदे' होतात, पवार 'पोवार', जाधव 'जाधाव', चव्हाणांचे तर चार-पाच अवतार. वडगाव व्हीने बघा, डब्ल्यूनेही बघा. गाव सापडेना तर जवळच्या बाजारपेठेचं किंवा तालुक्याचं नाव टाका. आणि रामा, बाळा, धोंडी, गणू ही नावं पलटणीत डझनांनी होती. तेव्हा बापाचं नाव आणि सैनिकाचा नंबर जुळल्याशिवाय आपला माणूस म्हणायचं नाही.

खलाश्यांसाठी हे पुरणार नाही. कोकणातून बोटीवर गेलेले, पाणबुडीने बुडवलेल्या जहाजांवरचे आगवाले आणि खलाशी यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला, खलाश्यांच्या वसतिगृहाच्या आवारात आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त दर्यावर्दींची नोंद त्या स्मारकाच्या नावे आहे. समाधीचं नाव 'बॉम्बे १९१४-१९१८' आलं तर तो हा.

बहुतेकांपुढे समाधी म्हणून 'बसरा मेमोरियल' येईल. म्हणजे प्रेत मिळालं नाही किंवा कबर-दहनाची जागा कळली नाही. हे स्मारक १९२९ मध्ये शत-अल-अरब नदीच्या काठी झालं. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. भिंतीवर गोऱ्यांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांचीही नावं, आणि हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. आपल्या गावच्या पाटीचीच मोठी बहीण. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते उचलून तिथून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला नेलं. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालावरून कबूल केलं की मेलेल्यांत अशी डावी-उजवी झाली. कागदावरच्या याद्यांत शिपायांची नावं होती, म्हणून आज ती संकेतस्थळावर सापडतात.

तारीख बोलते

मृत्यूची तारीख आणि पलटण मिळाली की त्या माणसाचं काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकत हे डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या तोंडाशी, सलमान पाकला पोचलं. इंग्रज त्या ठिकाणाला टेसिफॉन म्हणतात. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ ही तारीख दिसली तर ती ही लढाई.

तिथून मागे हटून डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड कुत-अल-अमारा या गावात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा. धान्य संपलं तसे घोडे कापले. आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्मासाठी ते मांस महिनोन्महिने खाल्लं नाही आणि स्कर्व्हीने, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने खंगले. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत गोरे-काळे दोन्ही होते. त्यानंतरच्या तारखा, मे १९१६ पासून पुढच्या, याच पलटणींच्या असतील तर तुर्कांच्या कैदेतल्या वाटचालीचा किंवा रस्त्याच्या, रेल्वेच्या कामावरच्या मरणाचा संशय घ्या. नक्की मात्र म्हणू नका, कारण याच पलटणींचे नवे भरती झालेले जवानही त्या मुलखात लढत होते. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या आठवड्यातला ११४ मराठाचा माणूस असेल तर उत्तर इराकमधली शरकातची लढाई. आणि १९१८ च्या शेवटच्या दोन महिन्यांतली तारीख असेल तर गोळीपेक्षा तापच धरा.

युद्ध संपल्यावर १९२२ मध्ये या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री केली. १०३ ची पहिली बटालियन झाली, म्हणजे आजची जंगी पलटण. १०५ ची दुसरी, म्हणजे काळी पाचवी. तुमच्या गावात आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतला कुणी सुट्टीवर आला असेल तर त्याला विचारा. बटालियनच्या जन्मकथा त्यांना तोंडपाठ असतात, आणि त्याच्यासाठी तुमच्या यादीतला माणूस परका नसतो. त्याच्याच पलटणीचा असतो. पाटीला स्वातंत्र्यानंतर जो काही नवा अर्थ आला तो सरकारी समारंभांनी आलाच नाही, असं मला वाटतं. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तरला त्याच घरांतली पोरं पुन्हा गेली, त्यांतून आला. अपशिंगे मिलिटरी हे त्याचं ठळक उदाहरण: पहिल्या महायुद्धावर त्या गावची बरीच माणसं गेली, इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं, आणि गावाने पुढे भारतीय सैन्याची परंपरा त्याच्याशी जोडून घेतली.

दप्तरात

इथे माझा हात बसलेला आहे, म्हणून जरा लांबण लावते.

परदेशात मेलेला शिपाई कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये, शोधू नका. तिथे गावात झालेले जन्म-मृत्यू असतात. मात्र १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं जरूर बघा. इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा एकेका दिवसाखाली ओळींमागून ओळी 'ताप', 'ताप', 'ताप'. लढाईतून सुटीवर किंवा आजारी परतलेला माणूस त्या गर्दीत सापडू शकतो. आणि ती पानं पाटीच्या आकड्याशेजारी ठेवली की एक लक्षात येतं: महायुद्धाने गावातली जेवढी माणसं नेली त्याच्या कित्येक पट त्या एका तापाने नेली, आणि त्यांची पाटी कुठेच नाही.

शिपाई सापडण्याची खरी जागा म्हणजे जुने फेरफार. आमच्या बोलीत ड पत्रकं. माणूस मेला की जमीन वारसांच्या नावे होते, आणि तशी नोंद घालताना मयताची हकिगत एक-दोन ओळींत लिहितात. १९१५ ते १९२३ एवढ्याच वर्षांची ड पत्रकं काढा. मी बघितलेल्या एका नोंदीचा मजकूर साधारण असा होता: खातेदार इसम पलटणीत नोकरीस असता बसरा मुक्कामी मयत झाल्याचे समजते, सबब वारस मुलगा, वय वर्षे ४, अ.पा.क. आई. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारं माणूस. शाई फिकी, खाली आईचा डाव्या हाताचा अंगठा. युद्धाच्या इतिहासात न सापडणारी दोन माणसं त्या एका ओळीत सापडतात.

पण ड पत्रकात नाही म्हणून माणूस नव्हता असं नाही. थोरला भाऊ ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून खात्यावर असेल तर धाकटा लढाईत मेला तरी दप्तराला त्याचं काही नाही. धाकटेच जास्त जात. ज्यांना जमीनच नव्हती त्यांचा तर प्रश्नच मिटला.

रेकॉर्ड तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव, नोंदीचा प्रकार आणि वर्षं स्पष्ट लिहा. 'पहिल्या महायुद्धाची माहिती मिळणेबाबत' असा विषय लिहिलात तर अर्ज टेबलाटेबलावर फिरेल. 'मौजे अमुक येथील सन १९१५ ते १९२३ चे जुने फेरफार पाहणेबाबत' लिहा, अर्ध्या तासात गठ्ठा समोर येतो. बऱ्याच जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' वर चढलं आहे, तिथे आधी बघा. मजकूर मोडीत असला तर घाबरू नका. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकलेली बरीच तरुण मुलं आता आहेत, आणि जातीच्या दाखल्यांमुळे तहसीलच्या बाहेर मोडी वाचणारे बसलेलेच असतात. दर आधी ठरवून घ्या.

नावं मिळाल्यावर

आता ग्रामसभा. इथे भांडण होणार. एक गट म्हणेल, इंग्रजांची चाकरी करणाऱ्यांचा कसला सत्कार? दुसरा म्हणेल, हे आपले शूर हुतात्मे. दोघांनाही थोडं थांबवा.

पहिल्यांना सांगा की १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून भरतीसाठी माणसं मागत होते. टिळकांचाही भरतीला सरसकट विरोध नव्हता, त्यांना बदल्यात हक्क हवे होते; तेच बोलायला लागले म्हणून जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवलं आणि ते सभा सोडून निघून गेले. देशातल्या पुढाऱ्यांना जे कोडं सुटलं नव्हतं ते खटाव-माणच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराने सोडवायला हवं होतं का? पगार होता, पेन्शन होती, घरी सावकार होता.

दुसऱ्यांना सांगा की आपल्याच जिल्ह्यात वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन गेलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हुतात्मा स्तंभ त्यांचा आहे. पत्री सरकारातली माणसं आणि बसऱ्याची माणसं एकाच शिवारातली, कधी एकाच घरातली, पण एका यादीत कोंबू नका. तालुक्याच्या गावी पंचायत समितीजवळ स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचा, १९७२ चा स्तंभ असेल. त्यावर स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत. २०२३ च्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेतला शिलाफलक ग्रामपंचायतीपुढे असेल. त्यांच्यात भर घालायची नाही. जुन्या पाटीवरही नवं काही कोरायचं नाही, तिचं इंग्रजी झाकायचं नाही. शेजारी एक साधी वेगळी पाटी लावायची.

तिच्यावर वरती जुन्या पाटीचा मराठी अर्थ द्या. खाली: 'ब्रिटिश हिंदी सैन्यात असताना मरण पावलेले या गावचे.' मग नाव, वडिलांचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, जागा. अक्षरानुक्रमाने. हुद्द्याप्रमाणे नको, आळीप्रमाणे तर नकोच. विशेषणं एकही नको. आणि शेवटी एक मोकळी जागा सोडा, कारण पाटी लावली की महिन्याभरात कुणीतरी कागद घेऊन येतंच: 'आमचा राहिला.' ग्रॅनाइटवर कोरून घेण्याआधी वर्षभर फ्लेक्स लावून बघणं शहाणपणाचं.

ग्रामसभेचा ठराव घ्या आणि त्यात जुनी पाटी कुठल्या भिंतीत आहे, इमारत पाडल्यास ती कुठे हलवायची, हे नावनिशीवार लिहून घ्या. ठरावाची नक्कल शाळेत एक, तलाठी दप्तरी एक. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यात मी पडत नाही.

राहिलं एक. कमिशनच्या नोंदीत तुमच्या माणसाचं गाव चुकलं असेल किंवा नावच नसेल, तर त्यांना संकेतस्थळावरून कळवता येतं. ते कागद मागतात, 'आजी सांगत होत्या' चालत नाही. ड पत्रकाची नक्कल, तिचं देवनागरीत लिप्यंतर आणि इंग्रजीत भाषांतर, पदकाच्या कडेचा किंवा थाळीचा स्पष्ट फोटो, आणि वंशावळ, एवढं एकदम पाठवा. उत्तराला वेळ लागतो. ज्या घरचा माणूस आहे त्या घरातल्या कुणाचा तरी ईमेल द्या, स्वतःचा देऊ नका. पत्रव्यवहार त्यांच्या नावाने राहिला पाहिजे.